नवरदेव जागचा हलत नाही

२ जानेवारी, सकाळ

नवं वर्ष, नवी वही. कालच सुरू करणार होतो, पण पेन सापडलं नाही. हा अपशकुन नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

संकल्प मोजकेच. यंदा माझ्या माशांची अंडी फळणार. बेडरूममधला उशाजवळचा बल्ब गेलाय, तो बदलणार. कुणावर चिडणार नाही.

वही माझ्यापुरतीच आहे, तरी शिस्त म्हणून लिहितो. मी मत्स्यपालन केंद्रात ब्रीडिंग हॉलचा इनचार्ज. आमचा मासा चपटा. दिवसभर टाकीच्या तळाशी वाळूत पायपुसण्यासारखा पडून असतो, दोन्ही डोळे वरच्या बाजूला. लोक बघतात आणि हसतात. हसू देत.

गेल्या हंगामात माद्यांनी अंडी घातली, भरपूर घातली, आणि सगळी बुडाली. फळलेलं अंडं पाण्यावर तरंगतं, वाया गेलेलं तळाला बसतं. त्याच्या आदल्या हंगामातही तेच. दोष अर्थात माद्यांचा. खाद्य, वजन, मूड, काहीतरी असणार. नर फर्स्ट क्लास आहेत. याच हॉलमध्ये जन्मले, माझ्या हाताखाली वाढले.

५ जानेवारी

बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या. सगळं नॉर्मल. म्हणजे आता फक्त माझी राहिली, असं तिच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. नमुन्यासाठी एक प्लास्टिकची डबी दिलीय. बायकोने ती फ्रिजवर ठेवली, मला दिसेल अशी. मी डबीपुढे बिस्किटांचा डबा ठेवला.

मूल मलाही हवंय. तिच्याइतकंच, कदाचित जास्तच. ती आता छत्तीसची आहे आणि थांबायला वेळ नाही, हेही कळतं. पण माझी टेस्ट कशाला? आम्ही चार भावंडं. वडिलांच्या हातात कुणी डबी दिली नव्हती.

तरी जाईन. पुढच्या आठवड्यात, नक्की.

११ जानेवारी

आज हॉलमध्ये वसंत सुरू केला! बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत टाकीभोवती काळे पडदे, टायमरवर दिवे. रोज उजेड थोडा वाढवायचा, पाणी थोडं थोडं कोमट करायचं. माशाला वाटतं दिवस मोठे झाले, आता संसाराला लागावं. निसर्गाला जे जमायला महिने लागतात ते मी बटणावर करतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं की मी वसंत आणलाय. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली की बल्ब आणलास का. मोठ्या कामात अशा गोष्टी राहून जातात, हे तिला समजावून सांगितलं. उद्या नक्की.

दिव्यांचा अलार्म माझ्या मोबाईलवर पहाटे वाजतो. तिची झोप मोडू नये म्हणून हंगाम संपेपर्यंत बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायचं ठरवलंय. गेल्या हंगामातही तिथेच झोपत होतो. हंगाम संपल्यावर गादी आत न्यायची राहून गेली. किती नवरे बायकोच्या झोपेचा इतका विचार करतात?

१९ जानेवारी

आईचा फोन. नेहमीचं. शेजारणीला नातू झाला, मावशीला पणतू होणार आहे, तुमचं काय. म्हटलं की यंदा लाखांनी होतील. आई म्हणाली की मी माशांबद्दल विचारत नाहीये. फोन बायकोकडे दिला. ती नुसती हं, हं करत होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत होती, घासून झालेलीसुद्धा.

डबी आज बिस्किटांच्या डब्याच्या पुढे आलीय.

२७ जानेवारी

सगळ्यात थोराड मादीचं नाव मी 'मोठी' ठेवलंय. तिचं पोट अंड्यांनी टम्म फुगलंय. शिंपल्यांचं मांस, जिवंत किडे, काही कमी पडू दिलं नाही. आता तिने लाज राखावी म्हणजे झालं.

नरांना अजून वेगळ्या टाकीत ठेवलंय. लहानपणापासूनच नर इकडे, माद्या तिकडे, अशी व्यवस्था केली. ताकद वाचावी, लक्ष विचलित होऊ नये. ही आयडिया संपूर्णपणे माझी आहे. त्यातला सर्वात देखणा, काळ्याभोर पाठीचा नर म्हणजे माझा 'नवरदेव'. नजर अशी की कुणाकडेच बघत नाही.

३ फेब्रुवारी

आज शुभमुहूर्त. सगळ्या नरांना मोठीच्या टाकीत सोडलं.

वास्तविक हे असं व्हायचं असतं: दिवे मंदावले की नर वाळूतून उठतो, मादीजवळ जातो, तिच्या पाठीवर डोकं टेकून पडून राहतो. घाई करत नाही. मग दोघं अंगाला अंग लावून वर वर पोहत जातात आणि पृष्ठभागाजवळ तो आणि ती एकाच क्षणी मोकळे होतात. बस. एवढंच तर आहे.

पडद्याच्या फटीतून पाहत बसलो. नवरदेव जागचा हलला नाही.

टाकी बदललीय. दमला असेल.

४ फेब्रुवारी

नवरदेव जागचा हलला नाही. खानदानी आहे. उतावीळपणा करत नाही.

६ फेब्रुवारी

मोठी स्वतःहून उठली, नवरदेवाच्या शेजारून दोनदा गेली. त्याने वाळू अंगावर ओढून घेतली. मी पडदा उचलून त्याला दोन शब्द सांगितले. मेलेल्या माणसाला हलवावं तसं झालं. घरी यायला उशीर झाला. बायको जेवून झोपली होती. ताट झाकून ठेवलं होतं, नेहमीप्रमाणे.

१० फेब्रुवारी

मोठीने अंडी सोडली! एकटीनेच, कुणाची वाट न बघता. टाकीतून पाणी बाहेर पडतं तिथल्या जाळीत ढीगभर सापडली. हातात भांडं नव्हतं, पण खिशात ती डबी होती. (आज जेवणाच्या सुट्टीत लॅबला जायचं पक्कं ठरवलं होतं, म्हणून नेली होती. माझी नियत साफ होती.) डबीत भरून उजेडाला धरली.

सगळी बुडाली. एकूण एक. डबीच्या तळाशी साबुदाण्यासारखी बसली.

मोठीचा मूड बरोबर नव्हता, हे मी आधीच म्हणत होतो.

११ फेब्रुवारी

डबी धुऊन परत फ्रिजवर ठेवली होती. बायकोने झाकण उघडून वास घेतला. संध्याकाळी तिथे नवी डबी होती. जुनीत तिने सेफ्टी पिना भरल्यात.

१८ फेब्रुवारी

मालक हॉलमध्ये आले, टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाले की हे सगळे झोपलेत का. विश्रांतीचा काळ आहे असं सांगितलं. ते म्हणाले की बाहेरून एक सल्लागार बोलावलाय. मला सल्लागाराची गरज नाही असं मी ठणकावून सांगणार होतो, पण मालक तोवर गाडीत बसले होते.

बल्ब आणायचा राहिला. दुकानासमोरून गेलो, पण पार्किंग नव्हतं.

२४ फेब्रुवारी

सल्लागार आला. पोरगेलासा, कानात वायर, बोलणं हळू. माझ्या सगळ्या नरांच्या बीजाचा थेंब थेंब काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. मलाही शिकवलं. माशाचं बीज कोरडं असताना निपचित पडून राहतं. त्यात समुद्राच्या पाण्याचा थेंब टाकला की एकदम जागं होतं. टाकला, आणि काय सांगू! जत्रा सुटल्यासारखी धावाधाव. नवरदेवाची सगळ्यात जोरदार. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, बघितलंत, नरांत दोष नाही.

तो म्हणाला की बरोबर, माद्यांतही नाही. अंडी उत्तम आहेत. मग म्हणाला की हे नर टाकीत जन्मलेत, माद्यांपासून वेगळे वाढलेत. तब्येत चांगली, बीज चांगलं, फक्त मादीच्या जवळ जायचं असतं हे यांना कुणी शिकवलेलं नाही. समुद्रातून धरलेले नर आणून यांच्यात सोडा. ते जवळ जातील, हे बघून कदाचित शिकतील.

कालचा पोरगा! माझ्या हाताखाली वाढलेल्या नरांना शिकवणी लावतोय. मालकांनी लगेच हो म्हटलं. मी चिडलो नाही. संकल्प आहे.

२८ फेब्रुवारी

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली की बारा मार्चला डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलंय. माझा रिपोर्ट असल्याशिवाय त्या पुढचं काहीच सुरू करणार नाहीत. मी म्हटलं की हंगाम आहे, सध्या हॉल सोडता येणार नाही. ती घडी घालत राहिली. मग म्हणाली की यायचं नसेल तर तसं सांग. म्हणजे मी वाट बघायचं बंद करेन.

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला उत्तर देता येतं. ती माझ्या शर्टाची कॉलर नीट करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

येणार म्हणालो.

५ मार्च, संध्याकाळ

विचार केला की लॅबमध्ये जाण्याआधी स्वतःच एकदा बघून घ्यावं. मायक्रोस्कोप आहे, ज्ञान आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं कशाला? सगळे घरी गेल्यावर हॉलचं दार लावलं. तपशील लिहीत नाही.

काचेवर थेंब ठेवला. सल्लागाराने शिकवल्याप्रमाणे समुद्राच्या पाण्याचा थेंब टाकला. डोळा लावला.

काही हललं नाही.

फोकस केला. परत थेंब टाकला. परत बघितलं. एक म्हणून हललं नाही. सगळं निपचित.

६ मार्च

संपलं.

७ मार्च

पहाटेचा अलार्म वाजला, बंद केला, तसाच पडून राहिलो. आतून बायकोचा खोकला ऐकू आला. दोष माझ्यात आहे आणि टेस्ट मात्र सगळ्या तिने करून घेतल्या. सुया टोचून घेतल्या, गोळ्या खाल्ल्या, आईची बोलणी ऐकली. मी बिस्किटांचा डबा सरकवत बसलो होतो.

हॉलमध्ये खाद्याच्या खोलीत जाऊन रडलो. शिंपल्यांचा वास असा असतो की कुणाला संशय येत नाही.

९ मार्च

ठरवलं. तिला मोकळं करायचं. अजून वेळ आहे तिच्याकडे. मी मोठ्या मनाने बाजूला होईन. भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून बघितलं. 'मोठ्या मनाने' या शब्दांपाशी आवाज जातो.

जेवताना बोलणार होतो. तिने विचारलं की भाजीत मीठ बरोबर आहे का. म्हटलं, बरोबर आहे. मीठ नव्हतंच.

१० मार्च

समुद्रातले नर आले. किरकोळ, ओरखडे पडलेले, एकाचं शेपूट फाटलेलं. त्यांना टाकीत सोडलं आणि मी बघितलंही नाही. नवरदेवापाशी थोडा वेळ बसलो. म्हटलं, बाबा, तुझं निदान धावतं तरी.

आईला फोन केला, उगाचच. विचारलं की मी लहानपणी कसा होतो. म्हणाली की सगळं उशिरा. चाललास उशिरा, बोललास उशिरा. पण एकदा सुरू झालास की बरा होतास. फोन ठेवला.

१२ मार्च

गेलो. फाशी जाणाऱ्यासारखा, पण ताठ मानेने. डबी नर्सच्या हातात दिली. निकाल मला ठाऊक आहे, ही केवळ औपचारिकता. बायको बाकावर शेजारी बसली होती. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली की आलास ते बरं झालं. हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं होतं, आठवेना.

भाषण तिथेच करणार होतो. समोर एक लहान मुलगी आईच्या चपला घालून फिरत होती. जमलं नाही.

रिपोर्ट पंधराला.

१५ मार्च, दुपार

हे सगळं नीट लिहिलं पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या की उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. मी उभा राहिलो. म्हणालो की बाई, दिशाभूल करू नका, मी मनाची तयारी करून आलोय. त्या म्हणाल्या की खरंच चांगला आहे. मी म्हणालो की शक्यच नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, एकही हलत नव्हतं. बायको माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी विचारलं की कुठे बघितलं. मग सगळं सांगावं लागलं. हॉल, मायक्रोस्कोप, काच. आणि मग नेहमीप्रमाणे समुद्राच्या पाण्याचा थेंब.

बाईंनी चष्मा काढला. समुद्राचं पाणी, असं दोनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या की अहो, त्या खाऱ्या पाण्यात माशांचे जागे होतात, माणसाचे जागच्या जागी थंड पडतात. तुम्ही मारलेत ते.

बायको हसली. इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. केवढा हलका झालो होतो! घराण्याची इज्जत राहिली, वडील, चार भावंडं, सगळं एकदम आठवलं. मग बघितलं तर तिचं हसणं थांबलं होतं आणि पाणी थांबत नव्हतं. नर्सने रुमाल दिला. तो मी द्यायला हवा होता, पण माझ्या खिशात माशांची जाळी होती.

बाईंनी मग साधंच विचारलं. दोघंही ठणठणीत आहात, तर कधी, किती, कसं चाललंय? मी म्हणालो की हंगामात थोडं मागेपुढे होतं. बायको शांतपणे म्हणाली की हा बाहेरच्या खोलीत झोपतो. बाईंनी विचारलं की कधीपासून. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी हिशेब करत होतो. तिने सांगितलं, गेल्याच्या गेल्या हंगामापासून.

बाईंनी फाईल मिटली. म्हणाल्या की मग औषध कशाला देऊ? तुमच्यात दोष काही नाही. फक्त जवळ जायला हवं.

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. आठवलं नाही.

१५ मार्च, संध्याकाळ

बाहेर पडल्यावर बायको घरी गेली. मी म्हणालो की लगेच येतो, एक काम आहे. हॉलचं काम नव्हतं. हॉलवरून सल्लागाराचा फोन मात्र आला होता. समुद्रातल्या नरांनी पहिल्याच आठवड्यात काम केलं. शेपूट फाटलेला मोठीच्या पाठीवर डोकं टेकून बसला होता म्हणे. जाळीतली अंडी तरंगताहेत, पाण्यावर नुसता सोनेरी थर आलाय. नवरदेव कोपऱ्यात वाळूत पडून बघत होता. मी म्हटलं, छान, उद्या बघेन. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं.

दुकानात गेलो. पार्किंग होतं. बल्ब घेतला, चांगला, पिवळ्या उजेडाचा.

रस्ताभर ठरवत होतो. बल्ब लावायचा. मग तिथेच पलंगावर बसायचं. सगळं सांगायचं. काचेवरचा थेंब बघितला तेव्हा काय वाटलं ते, खाद्याच्या खोलीतलं, तिला मोकळं करायचं भाषण, सगळं. तिला जाऊ द्यायची कल्पना सहन होत नव्हती, हे तर सगळ्यात आधी. गादी आजच्या आज आत न्यायची.

बेडरूमच्या दाराशी गेलो. उशाजवळचा दिवा चालू होता.

आधी वाटलं की चुकून दुसऱ्या खोलीत आलो. पलंग खिडकीकडे सरकवलेला होता. दिव्याला कापडी शेड होती, मी कधी न बघितलेली. बायको उशीला टेकून पुस्तक वाचत होती. विचारलं की बल्ब कधी बदललास. म्हणाली की जानेवारीत. तू उद्या नक्की म्हणालास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी बल्बचं खोकं हातात धरून दारातच उभा. तिने पुस्तकातून वर बघितलं आणि विचारलं की काही हवं होतं का. अगदी सरळ विचारलं. टोमणा नव्हता. दारात आलेल्या कुणालाही विचारावं तसं.

म्हणालो, नाही, सहज.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग पलंगावर जराशी सरकली आणि पुन्हा वाचायला लागली. पुस्तकावर उजेड नीट पडावा म्हणून सरकली असेल. तिला व्यत्यय नको म्हणून दार हळूच लोटलं. बल्ब ड्रॉवरमध्ये ठेवला, सेफ्टी पिनांच्या डबीशेजारी. आता सोफ्यावर बसून हे लिहितोय. उद्या नक्की बोलायचं. उद्या हॉलमधून लवकर निघायचं आणि

आत्ता लिहिताना लक्षात आलं. दिवा तिच्याच बाजूला आहे. ती सरकली ती उजेडापासून लांब. तिने जागा केली होती.

उठून बघितलं. दाराच्या फटीत अंधार आहे.